वळचणीखालची ओल

आमच्या नात्यात कुणाला घर विकायचं झालं, की माणसं मला विचारायला येतात. मी जन्मात एकच घर विकलं. पण ते विकताना करता येण्यासारख्या बहुतेक सगळ्या चुका आम्ही करून पाहिल्या, म्हणून माझा अधिकार मोठा. मी सांगते, चैतातल्या भर दुपारी गिऱ्हाइकाला घर दाखवू नका. नवऱ्याला बोलू देऊ नका. व्यवहार होईपर्यंत सामान हलवू नका, रिकाम्या घरात पाय वाजतो आणि माणूस उगाच मागे वळून बघतो. येणारे मान डोलावतात, चहा पितात आणि घरी जाऊन नेमकं तेच करतात. एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना सांगत नाही.

चांदा, म्हणजे आताचं चंद्रपूर, तेव्हा मध्यप्रदेशात होता. पोंभुर्ण्याकडच्या एका गावात आमचं घर होतं, सागाच्या खांबांचं, वर कवेलू, मागे परसातली सांदवाडी आणि सांदवाडीच्या कुंपणाला लागून जंगल. यांची नोकरी लाकडाच्या डेपोत. माझं पहिलं मूल त्याच घरात झालं. मुलगा. तो रडला नाही. एक दिवस जगला, आणि तो दिवसभर आपली मूठ चोखत राहिला. चुट् चुट्, चुट् चुट्. मग ते थांबलं.

दाईनं त्याला नदीकडे नेऊ दिलं नाही. "इतक्या दूर नेसान त वापस कसा येईन बाई? घराजवळ ठेव. तू रोज त्याच्यावरून चालसीन, त तुह्याच पोटी येईन." तिनं दिव्याची काजळी बोटावर घेतली आणि त्याच्या उजव्या कानामागे टेकवली. अशी खूण केली की मूल परत आल्यावर ओळखू येतं, म्हणाली. मागच्या दाराबाहेर, वळचणीखाली आम्ही त्याला ठेवलं. आमच्याकडे ही रीत होती, कुणाला त्यात नवल वाटायचं नाही. मी त्या जागेवरून विहिरीला जायची, यायची. काम नसलं तरी जायची.

दोन पावसाळे गेले, मूल काही परत आलं नाही. पण त्या जागेची ओल जाईना. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायचा, सांदवाडीला भेगा पडायच्या, आणि वळचणीखाली परातीएवढी जागा ओली ती ओलीच. गाय सुटली की थेट तिथे येऊन माती चाटत उभी राहायची. दुपारी गाव सामसूम झालं, पानही हलेना, अशा वेळी मागच्या भिंतीला पाठ लावून बसलं की आवाज यायचा. चुट् चुट्. एकदा मी यांना ओढत आणून बसवलं आणि ऐकवलं. हे म्हणाले, वाळवी असेल. वाळवीचा आवाज मला काय माहीत नव्हता? पण मी वाद घातला नाही. मला भीती वाटायची, आणि तो आवाज हवाही असायचा.

तेवढ्यात यांची बदली चांद्याला झाली. तिथे खोली घ्यायची तर गावचं घर विकणं भाग होतं. मी चार दिवस जेवले नाही. घर गेलं तर त्या जागेवरून दुसरीच बाई चालणार, आणि तो तिच्या पोटी जाणार. हे बोलायची सोय नव्हती. यांना वाटलं, मला सांदवाडीतल्या सीताफळाचं वाईट वाटतंय.

यांनी उत्साहानं बाजारभर सांगून टाकलं की आम्हाला घाई आहे. मग कोण कशाला धड बोलतो? पहिलं गिऱ्हाईक चैतात आलं, ऐन दुपारी. ते गृहस्थ खांब ठोकून बघत बघत मागे गेले आणि थांबले. गाय माती चाटत होती.

"इथी पानी कुठून येते जी?"

"काय माहीत भाऊ," हे म्हणाले, "दोन वरस झाले, वाळूनच नाई राह्यलं."

मी कपाळावर हात मारला. तसं मनातून बरंही वाटलं. ते गृहस्थ पाणीसुद्धा न पिता गेले. मग गावात कुजबुज सुरू झाली आणि सगळा उन्हाळा कुणी फिरकलं नाही. तेव्हा यांनी शहाणपणाचा कळस केला. घर मोकळं दिसावं म्हणून सगळं सामान बैलबंडीत घालून चांद्याला पाठवलं. रिकाम्या घरात तो आवाज पुढच्या दारापर्यंत यायला लागला.

पावसाच्या तोंडावर वैनगंगेपलीकडून एक जोडपं आलं. धानाची शेती करणारी माणसं. तो मोकळा बोलणारा होता. ती माझ्याहून चांगली आठ-दहा वर्षांनी मोठी, अंगानं वाळलेली, आणि कडेवर कुणी नाही. बायांना हे बघताक्षणी कळतं. हे आणि तिचा नवरा पुढे छपरीत बोलत बसले. ती कुणाला काही न विचारता सरळ आत शिरली, माजघर ओलांडून मागच्या दारानं बाहेर गेली, आणि त्या ओल्या जागेशी खाली बसली. हाताचा पंजा तिनं जमिनीवर ठेवला. तिला दंडाला धरून उठवावं असं वाटलं.

"गार लागते बाई इथी," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा नवरा मागे आला आणि जागा बघून खूश झाला. "कोठा इथीच काढू. ढोरांले पानी जवळ. खांब या जागी गाडू." त्यानं टाचेनं जिथे खूण केली ती नेमकी तीच जागा होती. तो पुन्हा पुढे निघून गेला.

बोलले नसते तर पहारीनं माझं मूल खणून निघालं असतं. बोलले तर घर विकलं जाणार नाही, नाहीतर ही बाई सगळं समजून उमजून त्याच्यावरून चालेल. दोन्हीकडून मीच हरणार होते. पण पहार माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी तिला सांगितलं. दाई, काजळी, वळचण, सगळं.

ऐकून बाई उठून पळेल असं वाटलं होतं. तिनं हातसुद्धा उचलला नाही.

"निशानी कुठी केली होती?" तिनं विचारलं.

"उजव्या कानामागं."

तिनं ओल्या मातीवरून एकदा पंजा फिरवला. मग उठली, पुढे गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "घेऊन टाका. कोठा त्या अंगानं काढू." मला तिचा इतका राग आला की निरोपाचं कुंकू मी तिच्या कपाळावर नख लागेल इतकं दाबून लावलं. घर विकलं गेलं म्हणून हे मात्र चांद्यापर्यंत गाणं गुणगुणत आले.

पुढचा पावसाळा गेला आणि निरोप आला की त्या घरी मुलगा झाला. विकलेल्या घरात पुन्हा जाऊ नये, हे मी सगळ्यांना बजावून सांगते. मी गेले. मोटारीनं पोंभुर्ण्यापर्यंत आणि पुढे बंडीनं.

आधी मी मागच्या दारी गेले. वळचणीखाली माती खडखडीत वाळली होती, कोंबड्या उकरत होत्या. भिंतीला कान लावला. काही नाही. घर कुठल्याही घरासारखं झालं होतं.

तिनं मूल आणून माझ्या मांडीवर दिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मूठ तोंडात घातली आणि चोखायला लागला. चुट् चुट्. सगळीच लेकरं मूठ चोखतात, हे मलाही कळतं. मी त्याचं टोपरं मागे सारलं. उजव्या कानामागे काजळाची तीट होती. दृष्ट लागू नये म्हणून कुठलीही आई लावते तशी, पण चांगली मोठी, जाड. तिच्याखाली काही आहे की नाही, दिसायला मार्ग नव्हता.

मी पदराचं टोक पाण्यात भिजवलं. ती समोर बसली होती. तिनं अडवलं नाही. फक्त हाताचा पंजा जमिनीवर टेकला, त्या दिवशी वळचणीखाली टेकला होता तसा. मी ओला पदर त्याच्या कानापाशी नेला.

मग पदर तिथून वळवून मी त्याचं नाक पुसलं, टोपरं नीट बांधलं आणि मूल तिच्या ओटीत दिलं.

मला पुढं मूल झालं नाही.