गॅलरीची जाळी

मांजर तिसऱ्या मजल्यावरून पडली तेव्हा मी कोर्टात होते. मी यवतमाळला स्टेनो आहे, दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं टाइप करते. आईचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "पडली वं ते. तू ये."

मी पोचले तेव्हा आई पार्किंगमध्ये फरशीवर बसलेली होती. गुडघ्यांमुळे एरवी ती जिना उतरायला तयार नसते. त्या दिवशी तीन मजले कशी उतरली, तिलाही सांगता येत नव्हतं. पदरात मांजर होती. तिच्या हनुवटीतून रक्त येत होतं आणि पुढचा एक पाय लोंबत होता. चारपाच जण भोवती उभे होते. "मांजर कुठूनही पडली तरी पायांवरच पडते," त्यातला एक म्हणाला. आईनं मान वर केली नाही.

ही मांजर आईबरोबर घाटंजीहून आलेली. वडील गेल्यावर आई तिथं एकटीच राहायची. मी फ्लॅट घेतला आणि तिला न्यायला गेले, तेव्हा तिनं भांडीकुंडी शेजारी वाटून टाकली, पण मांजर सोडायला तयार झाली नाही. भाजीच्या क्रेटवर पोतं बांधून आम्ही तिला एसटीनं आणलं. पूर्ण रस्ता ती ओरडत होती आणि आई पोत्यावर हात ठेवून बसली होती. नाव तिला कधी ठेवलंच नाही. आई "ये वं" म्हणते आणि ती येते. गावात ती भिंतींवरून, कौलांवरून फिरायची. उडी मारली की खाली अंगण असतं, एवढंच तिला ठाऊक. इथं कठड्यावर कबुतर बसलं, तिनं झेप घेतली, आणि खाली अंगण नव्हतं.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर एका बकरीला सलाइन लावत होते. ते आटोपून त्यांनी मांजर टेबलावर घेतली. जबडा तडकला होता, पाय मोडला होता. "जगेल," ते म्हणाले, "पण दर वेळी वाचेलच असं नाही. गॅलरी बंद करा आधी."

माझा भाऊ पुसदला असतो. संध्याकाळी त्याचा फोन आला, मी स्पीकरवर टाकला आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. "एका मांजरीपायी घराचा पिंजरा करता काय?" तो म्हणाला. "गावात नेऊन सोडा तिले. तिथंच बरी होती ते."

आई मांजरीला दूध पाजत होती, सुई काढलेल्या सिरिंजनं, थेंब थेंब. ती तिथूनच बोलली, "मी बी गावातूनच आली. मंग मलेबी नेऊन सोड तिथं."

भाऊ वाईट नाही. त्याला फक्त सगळं सोपं हवं असतं.

आधी मी कबुतरांसाठी मिळते ती नायलॉनची जाळी आणली आणि हुकांना बांधली. तेवढ्यानं भागेल असं वाटलं. पायाचं प्लास्टर निघालं तशी मांजर गॅलरीत जाऊन बसायला लागली, आणि रोज थोडं थोडं कुरतडत राहिली. आम्हाला पत्ता नाही. एका दुपारी आई कपडे वाळत घालायला गेली तर मांजरीचं डोकं आणि एक पाय जाळीच्या बाहेर. आईनं मागचे पाय धरून तिला आत ओढलं. आईच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे आले. मी डेटॉल लावत होते आणि आई म्हणत होती, "आता लोखंडाचीच लाव. मले भेव वाटते."

मी फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले. त्यानं माप घेतलं. कठड्याच्या आतून थेट छतापर्यंत चौकट, तिच्यात वेल्डेड जाळी, बाहेरच्या भिंतीला एक भोकही नाही. बेडरूमच्या खिडकीत कूलर होता. आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्याच्याशिवाय डोळा लागत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटी आम्ही पुठ्ठा कोंबून बुजवलेल्या. मांजरीला वाटलं असतं तर पुठ्ठा फाडून ती सरळ बाहेरच्या स्टँडवर गेली असती. त्या फटींना पत्रा ठोकून घेतला. बाथरूमच्या झरोक्यालाही जाळी लावली.

वेल्डिंग चालू असतानाच सोसायटीचे सचिव वर आले. नोकरीतून निवृत्त झालेले, बोलायला मऊ.

"मॅडम, काम थांबवा. ही समोरची बाजू आहे. बिल्डिंगची शोभा जाते."

"तळमजल्याच्या सगळ्या खिडक्यांना ग्रिल आहे," मी म्हणाले.

"ते चोरांसाठी आहे. मांजरीसाठी कोणी असं करतं का? तुमच्याकडे चालत असेल. इथं सगळे चांगले लोक राहतात."

तुमच्याकडे. आम्ही बौद्ध आहोत हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फ्लॅटचे कागद बघताना त्यांनी माझं आडनाव दोनदा वाचलं होतं. कोर्टात साक्षीदार असं काही बोलला की मी ते जसंच्या तसं टाइप करते, चेहरा हलू देत नाही. पण हे माझं घर होतं.

"आमच्याकडे म्हणजे कुठे, काका?"

"तसं नव्हे हो..."

"मग कसं?"

ते जिन्याकडे वळले. "मिटिंगमध्ये बोलू," म्हणाले. वेल्डिंगवाला यंत्र बंद करून माझ्याकडे बघत उभा होता.

"चालू ठेवा," मी म्हणाले.

मिटिंग रविवारी सकाळी पार्किंगमध्ये झाली. आईनं विहारातल्या कार्यक्रमाची पांढरी साडी नेसली आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत खाली आली. मी नको म्हटलं होतं. सचिवांनी शोभेचं सांगितलं. एक जण म्हणाला, सकाळी कामाला निघालं की मांजर आडवी जाते. दोघंतिघं हसले.

आई खुर्चीतून उठली नाही, आवाजही चढवला नाही. "ते जाळीच्या आत हाय ना, भाऊ. तुमाले आडवी जायले तिले जागा कुठं ठेवली आमी?"

पुन्हा हशा झाला. या वेळी तो माणूस हसला नाही.

"जाळी काढावी अशी सगळ्यांची इच्छा आहे," सचिव म्हणाले.

"सगळ्यांची नाही," मी म्हणाले. "मीपण सभासद आहे आणि माझी इच्छा नाही. जाळी माझ्या गॅलरीत आहे, माझ्या कठड्याच्या आत आहे. मी ती काढणार नाही. कोणाला काढायची असेल त्यानं कोर्टात यावं. मी रोज जाते, रस्ता दाखवते."

आमच्या बाजूनं कोणी बोललं नाही. एकही नाही. समोरच्या फ्लॅटमधली बाई, जी आईला कढीपत्ता मागायला यायची, ती फोनमध्ये बघत होती. सचिव "पाहू" म्हणाले आणि माणसं पांगली. जिना चढताना आईनं माझा हात धरला.

"तुहे हात काहून थरथरून राह्यले?"

"रागानं."

"मंग बरं हाय," ती म्हणाली आणि पुढची पायरी चढली.

त्यानंतर आमच्या गॅलरीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. गच्चीला कुलूप लागलं. वाळवण घालायचं तर सचिवांना किल्ली मागायला लागते, असं वॉचमननं मला खाली मान घालून सांगितलं. मी किल्ली मागायला गेले नाही. आईनं त्या वर्षीच्या मुगवड्या गॅलरीतच ताटांमध्ये घातल्या. ताटांच्या मधल्या जागेत मांजर पडून असायची. एक पाय तिचा थोडा वाकडा जुळला आहे. कबुतरं जाळीच्या बाहेर येऊन बसतात. ती दात कटकटवते, जाळीवर दोन पाय टेकून उभी राहते, परत येऊन झोपते.

मग जयंती आली. फ्लॅटमधल्या पहिल्या वर्षी आम्ही आतल्या खोलीत दोन मेणबत्त्या लावल्या होत्या, दार लोटून. कोणी सांगितलं नव्हतं, आम्हीच तसं केलं होतं. या वेळी मी कोर्टातून आले तर आईनं निळ्या दिव्यांची लांब माळ आणवून ठेवलेली.

"कुठं लावायची?" मी विचारलं.

"इतकी मोठी जाळी हाय, कुठं काय?"

मी स्टुलावर चढले, आई खालून माळ देत गेली. जाळीच्या चौकोनांतून वायर ओवत पूर्ण गॅलरी भरली. बटण दाबलं तशी मांजर दचकून सोफ्याखाली गेली. फाटकाशी कोणीतरी थांबून वर बघत होतं. अंधारात कोण ते कळलं नाही.

"कोणीतरी पाहून राह्यलं," मी म्हणाले.

"पाहू दे," आई म्हणाली. "दिसावी म्हणूनच लावली."

दुसऱ्या दिवशी मांजरीनं खालची वायर चावायला घेतली, म्हणून माळ हातभर वर सरकवली. काढली नाही.