नंदाची सायकल आणि सासूबाईंचं ताट

नंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात केरसुणी घेऊन उभी होते. तीच तिची सायकलची वेळ. ती मुंबईच्या दवाखान्यात आहे हे ठाऊक असूनही माझे डोळे सवयीनं रस्त्यावर गेले होते. गिरणीपाशी धुकं होतं, दुसरं कुणी नव्हतं. धाकट्या दिरांनी एवढंच सांगितलं, "वहिनी, पहाटे गेली..." पोटातलं दुखणं, कळलं तेव्हाच उशीर झालेला. ओटीवर बसलेल्या सासूबाईंना मी ते सांगितलं. शेजारी ठेवलेलं स्टीलचं ताट त्यांनी उचललं, पदरानं पुसलं आणि पुन्हा होतं तिथं ठेवलं.

नंदा माझी धाकटी जाऊ. गेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द लिहायचे असतात, आणि ते लिहायला वाडीतले सगळे तयार आहेत. मी खरं तेच लिहिते. मला तिचा हेवा वाटायचा. तिच्या उंचीचा, खळखळून हसण्याचा, पदराची पर्वा न करता चालण्याचा... आणि सगळ्यात जास्त त्या सायकलीचा.

दीर निवृत्त झाल्यावर दोघं मुंबई सोडून कायमची इकडे आली, उमरठच्या रस्त्यावरच्या आमच्या वाडीत. महाडच्या डॉक्टरांनी नंदाला साखर वाढल्याचं सांगितलं. चालायचा तिला भारी कंटाळा. मग तिच्या मुलानं आपली जुनी सायकल रेल्वेनं वीर स्टेशनला पाठवली आणि तिथून ती रिक्षाच्या टपावर बसून, नव्या नवरीसारखी मिरवत घरी आली. कशी चालवायची ते मुलानं फोनवर समजावलं. थोडा वेळ जीव खाऊन, मग थोडा वेळ सावकाश, मग पुन्हा जीव खाऊन. याला इंटरव्हल म्हणतात. घड्याळात बघत सायकल चालवणं नंदाला जमेना, तेव्हा तिनं वाडीचंच घड्याळ केलं. गिरणीपासून देवळापर्यंत जोर, देवळापासून आमच्या अंगणापर्यंत दम, अंगणापासून ओढ्यावरच्या साकवापर्यंत पुन्हा जोर. गिरणीवाली शेवंता "सूट गो!" म्हणून ओरडायची. देवळाशी फुलं तोडणाऱ्या बायका टाळ्या वाजवायच्या. आणि आमच्या ओटीवरून, नव्वदीला टेकलेल्या माझ्या सासूबाई चमच्यानं ताट बडवायच्या. "जोरात गो, नंदे! पाय काय भाड्यानं आणलंस?"

ते ताट माझ्या काळजावर वाजायचं. कारण सांगते. माझं माहेर सव. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडापर्यंत मी मामाची मोठी सायकल, मधल्या दांडीखालून पाय घालून, कैची मारत न्यायची. लग्नानंतर शेजारच्या गावच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले तेव्हा ह्यांनी लेडीज सायकल घ्यायचं ठरवलं होतं. याच ओटीवर सासूबाई म्हणाल्या, "आपल्या घरची सून सायकलीवर बसून जानार? नाय व्हायचं." सगळी नोकरी मी पायी केली. पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन केली. आणि आता धाकटी सून ट्रॅकपँट घालून सायकलीवर जाते, तर हीच बाई ताट बडवते!

एकदा राहवलं नाही, विचारलंच. "आई, मला तेव्हा का नाही म्हणालात?"

"तवाचं येगळं व्हतं गो."

"काय वेगळं होतं?"

त्यांनी हातातला चमचा ताटात ठेवला. मग म्हणाल्या, "तवा माझी सासू जिती व्हती."

उत्तर पटलं. हेवा तेवढाच राहिला.

नंदाला यातलं किती कळलं होतं कोण जाणे. दम खायला ती अंगणात माझ्यासमोरच थांबायची, हँडलवर वाकून धापा टाकत. शेवंताच्या वाट्याला तिचा वेग, माझ्या वाट्याला तिचा घाम. एकदा म्हणाली, "ताई, बसा ना एकदा." मी बसले. सीट तिच्या उंचीचं, माझे पाय लोंबकळत राहिले. ती हसली, सासूबाई हसल्या, मीही हसले, पण माझं हसू खोटं होतं. "सीट खाली करून देते, पाच मिनिटांचं काम," ती म्हणाली. "राहू दे, मला कुठं शर्यत लावायचीय," म्हणत मी उतरले आणि केर काढायला लागले. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

दिवसकार्य झाल्यावर तिचा मुलगा सायकल हातानं ढकलत आमच्या अंगणात घेऊन आला. "काकी, ही तुमच्यासाठी. मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी आईनं पाना मागून घेतला होता. मला हात लावू दिला नाही." सीट पार खाली आणलेलं होतं. पोटात कळा येत असताना ते तिनं कसं ओढलं असेल... मला रडू यायला हवं होतं. आधी आला तो राग. जाताजाताही मोठेपणा हिनंच घ्यावा, आणि मी परत धाकटी व्हावं! रडू नंतर आलं, मोरीत, नळ सोडून.

बरेच दिवस सायकल पडवीत तशीच उभी होती. येता-जाता मी तिच्याकडे बघायची नाही. परवा सकाळी, का ते माहीत नाही, केरसुणी ठेवली, पदर खोचला आणि बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकले. पहिली काही पॅडलं डगमगत मारली, मग पायांना सवचा रस्ता आठवला.

आणि मागे ताट वाजलं.

"जोरात गो, नंदे!"

वळून सांगावंसं वाटलं, आई, मी आहे. मोतीबिंदूचे डोळे, धुकं, तोंडी बसलेलं नाव... त्यांचा काय दोष? पण ज्या हाकेसाठी मी आयुष्यभर झुरले ती अखेर पाठीमागून आली होती, आणि ती तिच्या नावानं आली होती. मी दातओठ खाऊन पॅडल मारलं. साकवापाशी दम घ्यायचा असतो. मी घेतला नाही.