जाड अक्षर, चपटी पायरी

भाजीवालीने परत दिलेल्या पाच रुपयांच्या नाण्यावर ‘भारत’ दोनदा उमटलेलं दिसलं आणि चौबे कॉलोनीतल्या घरी पोहोचेपर्यंत मी मनातल्या मनात नवी स्कूटी घेऊनही टाकली. असं नाणं लाखाला जातं, हे सांगणारा व्हिडिओ मी नुकताच पाहिला होता.

“मम्मी, कितने में बिकेगा?” लेकीने विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

“आधी कोणाले तरी दाखव तर,” नवरा म्हणाला. “ब्राह्मणपाऱ्यातले घड्याळवाले काका नाणी जमवतात.”

काकांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली होती. आता दुकान बंद होतं, पण डोळ्याला लावायचं भिंग शर्टाच्या खिशात असायचंच. त्यांनी नाणं उजेडात तिरपं धरलं आणि चार सेकंदांत माझी स्कूटी विकून टाकली.

“मशीनची घसट आहे. खर्चून टाक.”

“काहून? दोनदा दिसून राहिलं ना!”

“दिसते. पण कसं दिसते, ते पाह्य.” त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. “ज्या ठशानं नाणं ठोकतात, त्या ठशावरच अक्षर दोनदा कोरल्या गेलं असन, तर दुसरं अक्षरही पहिल्यासारखंच गोलसर अन् उंच येते. अक्षर जाड होते, टोकाले चीर पडते. अन् मशीनीत नाणं ठोकताना ठसा हलला, तर होते थे घसट, बाजूले नुसती चपटी पायरी बनते. थे पायरी अक्षरालेच दाबून झालेली असते, म्हणून अक्षर बारीक होते.”

मी पाहिलं. चपटी, चकचकीत पायरी. ‘भारत’ बिचारं रोडावलेलं.

मला चुटपुट लागायला हवी होती, पण लागला तो नाद. दर रविवारी मी मूठभर चिल्लर घेऊन ब्राह्मणपाऱ्यात जाऊ लागले. काका एकेक नाणं बाद करत. “हे कोणीतरी हातोडीनं ठोकलं.” “हे रस्त्यावर घासलं, धातू सरकला पाह्य.” “हे तर नुसतं मळलं आहे, बापा! धू आधी.” काकू चहा आणत आणि म्हणत, “दोघंही कामातून गेले.”

एका रविवारी खुश होऊन काकांनी त्यांचा अल्बम काढला. पहिल्याच पानावर, वेगळ्या खणात, एक जुना रुपया होता. “हा खरा दुहेरी ठसा. तरुणपणी सापडला. एकानं खूप मागितला, नाही दिला.”

मी भिंग लावलं. सालाचे आकडे खरंच दुहेरी होते. मग नाणं तिरपं केलं. आकड्यांच्या बाजूला सपाट पायरी होती, आणि आकडे बारीक.

गप्प बसावं, असं वाटलं. पण काका माझ्या चेहऱ्याकडेच बघत होते.

“बोल ना.”

“काका, मले नीट समजत नाही... पण हे चपटं वाटून राहिलं.”

त्यांनी अल्बम ओढून घेतला. भिंग लावलं, काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. खिडकीपाशी गेले. काकू कप उचलायला आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, उठून निघून जावं.

“तेव्हा मले हा फरक माहीतच नव्हता,” काका शेवटी म्हणाले. “नंतर शिकलो. पण याच्यावर पुन्हा भिंग लावलंच नाही कधी. काहून लावतो? हा तर खराच होता ना!”

आणि ते हसले. आधी जरासे, मग खोकला लागेपर्यंत. काकूंनी पाणी दिलं. “चाळीस वर्षं पाहुण्यायले दाखवून राहिले हे,” त्या मला म्हणाल्या. त्यांनाही हसू आवरेना.

रुपया काकांनी स्वतःच्या हाताने खणातून काढला, एका पाकिटात घातला आणि वर ‘मशीन’ असं लिहिलं. पाकीट बंद करताना त्यांनी अंगठा एकदा नाण्यावरून फिरवला, तेवढंच.

घरी आले तरी मला रुखरुख होतीच. पुढच्या शनिवारी त्यांचाच फोन आला.

“उद्या येऊन राहिली ना? दोन रुपयाचं एक भेटलं. मी अजून भिंग नाही लावलं. आधी तू पाह्य.”