डाव्या पायाची पाळी

ढाणकीच्या भजनी मैत्रिणींनो,

भावानं नागपूरहून पाठवलेली वॉल्ट्झ नावाच्या इंग्रजी नाचाची ग्रामोफोन तबकडी आज आली. पार्सलला सव्वा रुपया पडला.

लकवा झाल्यापासून यांचा डावा पाय घसटतो. मी रोज भजनाच्या पावलीवर चालवते, पण तिथं ठोके चार-चार, म्हणून जोराचा ठोका दरवेळी उजव्यावरच पडतो. या नाचाचे ठोके तीन-तीन, म्हणून जोर आळीपाळीनं दोन्ही पायांवर येतो. तबकडी लावून मी यांचे हात धरले, अन् डावा खरंच उचलला गेला.

"या वयात मले नाचवून राह्यली का वं?"

"मी कायले नाचवू? तुमचा पाय आपणच उठून राह्यला."

हे पायाकडं पाहत म्हणाले, "पुन्हा लाव."

देवाच्या नावानं तो पाय रोज उठावा वाटतं. तीन ठोक्यांचं भजन कोणाला येत असेल, तर उलट टपाली कळवा.