डाव्या कोपऱ्यातल्या मंगलवहिनी

मंगलवहिनींनी पहिल्याच भेटीत माझ्या मित्राचे पाय धरले. नमस्काराला नव्हे, पकडीला.

इचिकावातल्या आमच्या घरी रविवारच्या दुपारी आमच्या जिल्ह्यातली चार-पाच कुटुंबं जमली होती. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर शेजारच्या जिल्ह्याचे वाचक पुढचं वाचणार नाहीत. आम्ही सगळे कॉम्प्युटरच्या नाहीतर बँकेच्या कामानं जपानात आलेलो. एकत्र बसलो की विषय एकच, जिल्ह्याची कबड्डी. मागची मॅच कशी घालवली आणि पुढची कशी मारायची, यावर आम्ही चहाची किटली संपवायचो. त्या दिवशी बँकेतला विनय देशपांडे मांडीवर भडंगाची बशी घेऊन सांगत होता, "मुलींची ती राज्य स्पर्धेतली सेमीफायनल आठवते ना? डाव्या कोपऱ्यानं घाई केली. जरा थांबली असती तर फायनल आपली होती."

जगदाळे नावाचे इंजिनियर नुकतेच योकोहामाच्या कंपनीत बदलून आले होते. त्यांच्या पत्नी कोपऱ्यात गप्प बसल्या होत्या. त्या उठल्या, ओढणी कमरेला खोचली आणि खाली बसून दोन्ही हातांनी देशपांडेचा घोटा धरला. भडंग गालिच्यावर सांडलं.

"डावा कोपरा मीच होते," त्या म्हणाल्या. "आता सुटून दाखवा."

देशपांडेनं हसत पाय ओढला. मग हसणं सोडून ओढला. पाय जागचा हलला नाही.

"घाई नव्हती केली. पकड पक्की होती, अशीच. चढाईवालीचा दम मध्येच तुटला होता, माझ्या कानानं ऐकलंय. पंचांनी ऐकलं नाही. समजलं का साहेब?"

"समजलं, वहिनी," देशपांडे म्हणाला. तेव्हा कुठं त्यांनी पाय सोडला आणि केरसुणी मागितली.

त्या मॅचबद्दल त्यांनी मला पुढं एकदा एदो नदीच्या काठावर सगळं सांगितलं. आमच्या चर्चा तेव्हा घरातून काठावर हलल्या होत्या, कारण वहिनींच्या आवाजामुळे आमच्या टपालपेटीत इमारतीच्या व्यवस्थापकाची नम्र चिठ्ठी आली होती. ती चिठ्ठी वाचून दाखवल्यावर वहिनी म्हणाल्या होत्या, "इथं माणूस रागावला की कागद येतो. आपल्याकडं माणूस येतो. आता कागदाशी कसं भांडायचं?"

त्या मॅचमध्ये पंचांनी समोरच्या संघाला गुण दिला तेव्हा त्या तोंड उघडणार होत्या. तेवढ्यात बाजूला बसलेले त्यांचे प्रशिक्षक ओरडले, "मंगल, गप! पोरीच्या जातीला पंचाशी वाद शोभत नाही." एका गुणानं मॅच गेली. त्या गप्प राहिल्या. परतीच्या एसटीत गप्प, घरी गप्प. "त्या दिवशी जे गिळलं ना भावजी, ते अजून पचलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून ठरवलं, हरेन, पण गिळणार नाही."

आणि खरंच त्यांनी काही गिळलं नाही. गावाकडं त्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. नवऱ्याच्या बदलीमुळे नोकरी सोडून आल्या होत्या. इथं आल्यावर त्यांनी आमच्या मुलींना नदीकाठच्या गवतावर कबड्डी शिकवायला सुरुवात केली. माझी इरा घरी मराठीत एक शब्द बोलायची नाही, सगळी उत्तरं जपानीत. पण मैदानात वहिनी तिला म्हणायच्या, "बाद नाहीस ना? मग मान खाली का? सांग तोंडानं!" आणि इरा बेंबीच्या देठापासून ओरडायची, "मी बाद नाही!" सायकलवरून जाणारी माणसं वळून बघायची. मला लाज वाटायची. दहा वर्षं इथल्या ऑफिसात काढून मी विरोध करण्याआधीच माफी मागायला शिकलो होतो.

मग मागच्या वर्षीची राज्य स्पर्धा आली. आमच्या जिल्ह्याचे दोन्ही संघ, पुरुषांचा आणि महिलांचा, सेमीफायनलला पोचले. देशपांडेनं स्टेशनजवळच्या नागरी केंद्रातली खोली घेतली, प्रोजेक्टर मागवला, समोसे आणले. पुरुषांचा सामना सुरू होणार तेवढ्यात वहिनी आल्या, हातात फोन.

"मुलींची मॅच आत्ताच लागलीय. बाजूच्या मॅटवर."

"हो का? पण तिचं प्रक्षेपण कुठं आहे?" देशपांडे म्हणाला.

"नाहीये. कॅमेरे सगळे पुरुषांच्या मॅटवर लावलेत. माझी मैत्रीण शोभा तिथं आहे, ती फोनवरून दाखवतेय. हे पडद्यावर लावा."

"वहिनी, फोनचं चित्र हलणार. मुलींचं आपण नंतर बघू की निवांत."

"नंतर कुठून बघणार? कॅमेराच नाही म्हणतेय मी!"

"अहो, पण बहुमत घेऊ हवं तर. इतक्या लोकांची मजा कशाला घालवायची?"

वहिनींनी बहुमत घेतलं नाही. त्या टेबलापाशी गेल्या आणि प्रोजेक्टरची वायर देशपांडेच्या लॅपटॉपमधून उपटली. "मजा!" त्या ओरडल्या. "त्या पोरी पाच वाजता उठून बोरीच्या काट्यांतनं पळतात, त्यांच्या सेमीफायनलला एक कॅमेरा नाही, आणि तुम्हाला मजा हवी! जिल्हा जिल्हा करता ना? मग त्या काय शेजारच्या जिल्ह्याच्या आहेत?"

गदारोळ उठला. कुणी म्हणालं, ही दादागिरी आहे. जगदाळे कपाळाला हात लावून बसले. दार उघडून केंद्राचे म्हातारे व्यवस्थापक आत आले आणि कमरेत वाकून, आवाज जरा कमी करता येईल का, असं विचारलं. वहिनी त्यांच्याहून खाली वाकल्या, मोडक्या जपानीत मनापासून माफी मागितली, दारापर्यंत पोचवून आल्या. मग वळल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "लावताय का मी लावू?" तो हळू आवाज ओरडण्याहून वाईट होता. माझी बायको उठली आणि तिनं फोनला वायर जोडली.

चित्र हलत होतंच. पण पाचेक मिनिटांत खोलीतलं कुणी समोशाला हात लावेना. आमच्या मुली मागं होत्या, मग बरोबरीत आल्या, मग एका गुणानं पुढं. शेवटच्या चढाईला विरुद्ध बाजूच्या मुलीनं आमच्या दोघींना स्पर्श केला, पण परत पळताना तिचा पाय मैदानाबाहेर पडला. आम्ही सगळ्यांनी बघितलं. जगदाळेसुद्धा उभे राहिले. पंचांनी दोन्ही गुण तिला दिले.

आमची कर्णधार पंचांकडं निघाली. बाजूला बसलेल्या प्रशिक्षकांनी नुसतं ओठांवर बोट ठेवलं.

"शोभे, पुढं जा! फोन तिच्याकडं कर!" वहिनी पडद्यासमोर जाऊन ओरडल्या. "बोल पोरी! रेषा दाखव त्याला! गप बसू नको!"

शोभा गर्दीतून घुसली, पण त्या गोंगाटात एका फोनचा आवाज कितीसा जाणार? पोरीनं मान खाली घातली आणि ती जागेवर जाऊन उभी राहिली. आम्ही हरलो.

वहिनी रडल्या नाहीत. संध्याकाळी जिल्ह्याच्या ग्रुपवर त्या प्रशिक्षकांचा संदेश आला: "निकाल काही असो, मुलींनी शिस्त पाळली, याचा अभिमान वाटतो." त्याखाली टाळ्यांची रांग लागली. देशपांडेच्याही टाळ्या होत्या. मग वहिनींचा आवाजी संदेश आला, एकाच वाक्याचा: "शिस्त खेळात असते, अन्याय सोसण्यात नसते, आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्यात त्यांनी पुन्हा माझ्यासमोर कबड्डीचं नाव काढू नये."

पुढच्या वसंतात त्या परत गेल्या, एकट्या. जगदाळ्यांची बदली अजून संपली नव्हती. इचिकावातल्या मराठी घरांत जे बोललं गेलं ते इथं लिहिण्याच्या लायकीचं नाही. संसार सोडून बाई मैदानावर निघाली, भांडण झालं असेल, डोकं फिरलंय. कुणीतरी हे त्यांच्या तोंडावर, सल्ला म्हणून सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "नवऱ्याला भात लावता येतो. त्या पोरींना बोलता येत नाही. आधी कुणाकडं जाऊ, तुम्हीच सांगा." विमानतळावर जगदाळ्यांनी त्यांची बॅग ढकलली. "जा," ते म्हणाले, "इथं राहिलीस तर माझाच घोटा मोडशील." त्या हसल्या. त्या दिवशी एकदाच हसलेल्या मी त्यांना पाहिलं.

प्रशिक्षक म्हणून त्यांना जिल्ह्याच्या मुलींचा संघ सहज मिळाला नाही. सहा महिने जिल्हा संघटनेचे उंबरे झिजवले, भांडल्या, पालकांच्या सह्यांऐवजी पालकच घेऊन गेल्या, आणि शेवटी मिळवला. यंदाच्या राज्य स्पर्धेत पोरी पुन्हा सेमीफायनलला गेल्या. या वेळी कॅमेरा होता. तोही भांडूनच आणलेला असणार. मी घरी बसून बघितलं. ऐन मोक्याला पंचांनी आमच्या कोपऱ्याची पकड अमान्य केली. कर्णधार ताठ मानेनं गेली, हात मागं बांधून, आणि बोलत राहिली. वहिनी बाजूला उभ्या होत्या. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. पंचांनी दुसऱ्या पंचांना विचारलं, तिसऱ्यांना बोलावलं आणि निर्णय फिरवला.

तरी आम्ही हरलो, चांगल्या सात गुणांनी. समोरचा संघ सरसच होता. मी फोन लावला तर सांत्वनाचा शब्द तोंडातून निघायच्या आत वहिनी सुरू झाल्या, "उजवी बाजू पार कच्ची आहे, भावजी! पायात जोर नाही! पण बोलली की नाही पोरगी? बोलली की नाही?" मागं मुलींचा कालवा चालला होता.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही नदीकाठी जमलो. देशपांडे चहाचा थर्मास उघडत म्हणाला, "एवढा तमाशा करून शेवटी हरल्याच ना?"

मी आजवर या देशात कुणावर ओरडलो नव्हतो. त्या दिवशी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. बाकावरचे आजी-आजोबा वळून बघत होते, कुत्रा फिरवणारा एक माणूस थबकला होता. सवयीनं माफीचा शब्द जिभेवर आला. मी तो बोललो नाही.

"बस खाली," मी देशपांडेला म्हणालो. "मॅच पहिल्या चढाईपासून बोलू. आणि मुलींचीच बोलू."