फोनवर मी तिला हट्टी म्हणालो

इथल्या मराठी मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात यंदाही मला बोलायला सांगितलं आहे. विषय नेहमीचाच: वेब डेव्हलपरची नोकरी मिळवायची तर कोडिंगखेरीज अंगात काय असावं लागतं. दरवर्षी मी बोलतो, आणि माझ्यानंतर कुणीतरी उठून आमच्या घरी राहिलेल्या मुलीचं उदाहरण देतं. एवढी हुशार, पण टीममध्ये जमवून घेता येईना, शेवटी परत जावं लागलं. मी खुर्चीत बसून ऐकतो. यंदा भाषणाऐवजी हे लिहून देतो आहे. ते उदाहरण आता बंद व्हावं.

ती नागपूरची. इथे अमेरिकेत एम.एस. करायला आली आणि कॅरी गावातल्या आमच्या घरातली वरची खोली तिने भाड्याने घेतली. पहिले काही दिवस ती आम्हाला सर आणि मॅडम म्हणायची. बायको म्हणाली, "मॅडम म्हणालीस तर पोहे मिळणार नाहीत." त्या दिवसापासून आम्ही काका-काकू झालो.

पदवी मिळाली आणि नोकरीचा शोध सुरू झाला. तिच्या व्हिसावर नोकरीविना राहायला ठरावीक दिवस मिळतात. ते संपले की सामान बांधायचं. हे दिवस ती कधी बोलून दाखवत नसे, पण जेवताना फोन वाजला की तिचा घास हातातच राहायचा.

मी औषधांच्या कंपनीतून निवृत्त झालेला माणूस. वेबसाइट कशी बनते मला कळत नाही. पण माणसं निवडायच्या बैठकांना मी पुष्कळ बसलो होतो, म्हणून तिची तयारी घ्यायचं मी आपण होऊन अंगावर घेतलं. संध्याकाळी डायनिंग टेबलाशी मी मॅनेजर व्हायचो.

"मंडळाच्या वेबसाइटबद्दल सांग."

"आम्ही ती बनवली."

"आम्ही कोण? कमिटी तर नुसती चहा पीत होती."

"असं कसं म्हणू काका, सगळे होते ना तिथे."

"मी बनवली, असं म्हणायचं. आपल्या तोंडाने आपलं कौतुक करू नये, हे घरात ठीक. उंबऱ्याबाहेर त्याचा उपयोग नाही."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "यांचं ऐकू नकोस गं. यांना प्रमोशन मिळालं ते मला शेजारच्या बाईकडून कळलं होतं."

आम्ही तिघं हसलो. तेव्हाच मी थोडा थांबून विचार करायला हवा होता.

त्या वेबसाइटची गोष्ट सांगायला हवी. त्या वर्षी मी मंडळाचा अध्यक्ष होतो. गणपतीच्या कार्यक्रमाची नावनोंदणी पहिल्यांदाच वेबसाइटवरून करायची होती. कमिटीला पहिल्याच पानावर सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो हवे होते. ती म्हणाली, नाही, तिथे फक्त मोठं नोंदणीचं बटण हवं. कमिटी रुसली, पण ती हलली नाही. मग एका रविवारी ती हॉलमध्ये आमच्या वयाच्या बायकांच्या घोळक्यात जाऊन बसली. प्रत्येकीला स्वतःच्या फोनवर नोंदणी करायला लावली, कुठे अडतं ते शेजारी बसून पाहिलं आणि घरी येऊन आपलंच काम पुष्कळसं बदललं. पदाधिकाऱ्यांपुढे अडून बसणारी आणि चष्मा शोधणाऱ्या मावशींपुढे लगेच नमणारी, अशी ती एकच मुलगी होती.

इथल्याच एका कंपनीत तिच्या इंटरव्ह्यूच्या सगळ्या फेऱ्या पार पडल्या. फक्त तिला ओळखणाऱ्या दोन माणसांशी कंपनीचं बोलणं राहिलं होतं. एक तिचे प्राध्यापक, दुसरा मी, मंडळाचा अध्यक्ष म्हणून. प्राध्यापकांनी चांगलं सांगितलं असं तिला कळलं होतं.

मला फोन आला तेव्हा मी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बायकोची वाट बघत होतो. फोनवरच्या बाई फार आपुलकीने बोलत होत्या. वेबसाइट तिने वेळेवर दिली का, काम नीट होतं का, सगळ्याला मी हो म्हणालो. मग त्यांनी विचारलं, तुमची तिच्याशी ओळख कशी?

मी म्हणालो, ती आम्हाला मुलीसारखी आहे.

त्या वाक्यानंतर मी अध्यक्ष राहिलो नाही, बाप झालो. बाई म्हणाल्या, बोलण्यावरून फार हुशार वाटते. आणि तिच्यात सुधारणा कुठे हवी असं त्यांनी विचारलं. मी हसलो. म्हणालो, कसली हुशार, हट्टी आहे नुसती. एकदा डोक्यात घेतलं की कुणाचं ऐकत नाही. आमच्या अख्ख्या कमिटीने हात टेकले. अजून लहान आहे, शिकेल हळूहळू.

कुणी आपल्या मुलीचं कौतुक केलं की आपण असंच म्हणतो. मग समोरच्याने म्हणायचं असतं, "अहो, हुशार मुलं हट्टी असायचीच." बाईंना त्यांचं वाक्य माहीत नव्हतं. त्यांच्याकडून फक्त टाइप केल्याचा आवाज आला. तो ऐकून मी पुढे हॉलमधल्या त्या रविवारची गोष्ट सांगायला लागलो, पण त्यांनी आभार मानले, या बोलण्याची खूप मदत झाली म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बायको पिशव्या घेऊन आली. "कुणाचा होता?"

"तिच्या कंपनीचा."

"नीट बोललात ना?"

"हो."

घरी आल्यावर मी त्या नंबरावर फोन केला. निरोप ठेवा असं यंत्र सांगत होतं. मी काय बोललो ते आता आठवत नाही. एवढंच आठवतं की सुरुवात चुकली म्हणून पुन्हा केली आणि मध्येच यंत्राने मला तोडलं. परत कुणाचा फोन आला नाही.

नकार आला. तिने धीर करून कारण विचारलं, आणि त्या लोकांनी कळवलंही. ती लॅपटॉप घेऊन खाली आली.

"काका, काम उत्तम म्हणतायत. पण टीममध्ये मिसळून काम करेल का, याबद्दल शंका आहे म्हणे. मी असं काय बोलले असेन?"

सांगायची वेळ तीच होती. बायको समोर भाजी निवडत होती. मी म्हणालो, "तू जरा ठाम बोलतेस. समोरच्याचं आधी मान्य करावं, मग आपलं सांगावं."

"मी एवढं ठाम बोलले?"

"तुला जाणवत नाही."

फोनवर बोललो ती सवयीने झालेली चूक होती. हे मात्र मी समजून उमजून बोललो.

मग आमच्या संध्याकाळी बदलल्या. मी मॅनेजर होऊन मुद्दाम तिला विरोध करायचो आणि ती हसून मान्य करायला शिकायची. आवाज खाली. वाक्याच्या शेवटी हसू. शिकायला ती हुशारच होती. पुढच्या एका इंटरव्ह्यूत समोरच्याने मुद्दाम चुकीची पद्धत सुचवली, ही अडवते का ते बघायला. ती "बरोबर आहे" म्हणाली.

"मला कळत होतं ते चुकीचं आहे," त्या दिवशी जेवताना ती म्हणाली. "पण म्हटलं, आधी मान्य करावं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आमटी वाढून घेतली. पाहुण्यासारखा बसून होतो मी, माझ्याच घरात.

तिचे दिवस संपले. विमानतळावर ती वाकून नमस्कार करायला लागली तेव्हा मी मागे सरकलो. तिला वाटलं, गर्दीमुळे. "तुम्ही खूप केलंत काका," ती म्हणाली.

गेल्या आठवड्यात सकाळी मी तिला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. ती आता पुण्यात नोकरी करते, काम इकडच्याच एका कंपनीचं. मी सगळं सांगितलं, पार्किंगपासून. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "हट्टी म्हणालात ते जाऊ दे काका. माझे बाबाही तसंच म्हणाले असते."

मला बरं वाटायला लागलं होतं.

"पण मला का सांगितलंत, की मी ठाम बोलते म्हणून? मी नंतर ते सोडूनच दिलं ना."

मी विचारलं, हे मेळाव्यासाठी लिहू का?

"लिहा. नाव नको." मागे कुणीतरी तिला हाक मारली. "एक मिनिट काका, तुमच्या तिकडचा कॉल आहे, होल्ड करा."

फोन तिने टेबलावर ठेवला असावा. पलीकडून एक माणूस काहीतरी समजावत होता. त्याचे शब्द कळत नव्हते. तिचे कळत होते.

"शुअर," ती इंग्रजीत म्हणत होती, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करू." आवाज खाली होता, आणि वाक्याच्या शेवटी हसू.

तिने होल्ड करा म्हटलं होतं, म्हणून मी फोन कानाशी धरून बसलो.