ससाण्याची गोष्ट सांगणारे मास्तर

जेवायला बसलं की ते उजवा पंजा डोक्यामागे पंखासारखा पसरायचे आणि म्हणायचे, "आल्झो, तर मग, राजा म्हणजे कोण? जिवंत होरस!"

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी जर्मनीत, स्टुटगार्टला इंजिनियरिंग शिकत होतो आणि चढावरच्या त्यांच्या घरात भाड्यानं राहत होतो. ते इतिहासाचे निवृत्त मास्तर. शिकवायची खोड न सुटलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. यांना वर्ग उरला नव्हता, म्हणून मी.

सूप निवायचं, गोष्ट चालूच. ओसिरिस राजाला भावानंच मारलं, तुकडे करून फेकले. बायकोनं, इसिसनं, ते वेचून आणले. मुलगा होरस, ससाण्याच्या रूपातला देव, त्यानं गादी परत मिळवली. म्हणून इजिप्तचे पहिले राजे आपल्या नावावर ससाणा कोरून घेत. "राजाच देव! मग हुकमाला प्रश्न कोण विचारणार?"

मी हसायचो. तुकडे वेचण्याचा भाग आला की त्यांची बायको मात्र उठून स्वयंपाकघरात जायची. त्यांचा एकुलता एक मुलगा युद्धात, रशियात, बेपत्ता झाला होता.

एका रविवारी त्यांचा जुना विद्यार्थी आला. एक पाय लाकडाचा. मुलाच्याच वर्गातला, पुढे त्याच्याच पलटणीतला. इतकी वर्षं यायचा धीर झाला नाही, म्हणाला.

"माझ्या शेजारीच गेला तो. जमीन गोठली होती. पुरताही आलं नाही."

"घाबरला होता का?" बाईंनी विचारलं.

"हो."

मग तो मास्तरांकडे वळला. "सर, होरसची गोष्ट संपली की तुम्ही म्हणायचात, आपल्यालाही तसाच नेता मिळालाय. आम्ही टाळ्या वाजवायचो. तोही वाजवायचा."

"गेनाऊ," मास्तर म्हणाले. अगदी बरोबर. एवढंच.

त्यानंतर घरात ती गोष्ट कधी निघाली नाही. रोज सकाळी ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शाळेच्या फाटकात जाऊन उभे राहू लागले. येणाऱ्या पोरांना अडवून सांगायचे, "कुणी देव बनून हुकूम सोडला, तर आधी विचारा, का?" पोरं हसायची. मुख्याध्यापकांनी येऊ नका म्हणून बजावलं. तरी ते जायचे.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते तिथेच बर्फात कोसळले. एका लहान मुलीनं आपलं दप्तर त्यांच्या डोक्याखाली सरकवलं. "आजोबा, कुणाला बोलावू?"

त्यांनी मुलाचं नाव सांगितलं.

ती मुलगी ते नाव मोठमोठ्यानं पुकारत चढावर धावत आली. बाई तेव्हा खिडकीशी उभ्या होत्या.